निमदरच्या तलावावर कानबाईचा सोमवार

आषाढातल्या एका रविवारी निमदरच्या तलावात लीलाधरची मोटारबोट कलंडली. काठ जवळ होता म्हणून निभावलं. भुसावळहून सहलीला आलेलं एक रेल्वेवाल्यांचं कुटुंब, त्यांचे शेजारी आणि वरून हौसेने चढलेली गावातली चार माणसं असे सगळे पाण्यात पडले. पलीकडच्या कुंड्यापाड्याची गुंताबाई तेव्हा आपला डोंगा, म्हणजे वल्ह्याची होडी, घेऊन काठाला लागतच होती. तिने वल्हं पुढे करून दोघांना धरलं, बाकीच्यांना काठावरून उड्या टाकलेल्या माणसांनी ओढून काढलं. कोणी दगावलं नाही. जेवणाचे डबे आणि चपला तेवढ्या तळाला गेल्या.

दुसऱ्या दिवशी पाटबंधारे खात्याचे उपअभियंता वारके साहेब जीप घेऊन आले आणि उताराला साखळी लावून कुलूप घातलं. तलावात नाव घालायला सक्त मनाई, अशी पाटी शेजारी ठोकली.

उतार म्हणजे जुन्या गाडरस्त्याचा तुकडा. धरण होण्याआधी हा रस्ता निमदरहून थेट कुंड्यापाड्याला जायचा. धरण भरलं, रस्ता पाण्याखाली गेला, आणि अलीकडच्या बाजूला त्याचं नुसतं टोक पाण्यात शिरताना दिसत राहिलं. सगळ्या काठावर डोंगा सोडायला आणि लावायला तेवढीच एक धड जागा होती. पाड्यावरची पावरा आदिवासी माणसं आठवड्याच्या हाटाला, रेशनला, दवाखान्याला तिथूनच यायची. सातपुड्याच्या कडेकडेने पायवाट होती, पण पावसाळ्यात मधला नाला भरला की तीही बंद. म्हणजे साहेबांनी कुलूप लावलं ते सहलीच्या बोटीला, आणि अडकून पडला सगळा पाडा.

प्रमिलाबाई वर्षभरापूर्वी निमदरच्या सरपंच झाल्या होत्या. जागा बाईसाठी राखीव निघाली म्हणून नवऱ्याने, रुपचंदने, त्यांचं नाव पुढे केलं होतं. कारभार आपणच बघू असं त्याच्या मनात होतं. पहिल्या काही सभांना तो शेजारी बसून उत्तरं द्यायचा. मग एका सभेत प्रमिलाबाईंनी त्याला हळूच म्हटलं, "तुमी बसा आते, मी सांगस." तो बसला. त्या दिवसापासून गाव त्यांना अक्का म्हणू लागलं.

साखळी लागल्यावर दोन्ही बाजूंची माणसं अक्कांकडे आली. लीलाधर आधी आला. तो पूर्वी जीप चालवायचा, धुळे-शिरपूर रस्त्यावर. सगळं मोडून त्याने मोटारबोट आणली होती.

"अक्का, बोट कलंडली ती गुंताबाईमुळे," तो म्हणाला. "ती आडवी आली. मी वळवली नसती तर तिच्यावरच गेली असती."

"बोटीत माणसं किती कोंबली होतीस?"

लीलाधर म्हणाला, "जास्त झाली होती. ते खरं आहे."

गुंताबाई दुसऱ्या दिवशी डोंगरवाटेने, नाल्यातून कमरेइतक्या पाण्यातून चालत आली. उभा बांधा, काटक शरीर, बोलणं कमी. ती ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "पानी आमनं बी शे, अक्का. आमना गावनी वाट त्या पानीखाल शे. आमले इचारं बी नही कोनी."

"लीलाधर म्हनस तू आडवी गयी."

"मी दररोज जास तीच वाट जात व्हतू. आडवा तो उना."

दोघंही खोटं बोलत नव्हते, आणि हीच अडचण होती. प्रमिलाबाईंनी तिला भाकरी वाढली. ती जेवत असताना त्या म्हणाल्या, "माले पल्याड लई चाल. माले पानीवरथीन देखनं शे."

त्या आजवर कधी डोंग्यात बसल्या नव्हत्या. पाण्याची त्यांना भीती होती. नदीला सुद्धा त्या घोट्याच्या पुढे जात नसत. पण आधी त्या तालुक्याच्या कचेरीत गेल्या आणि वारके साहेबांकडून एका खेपेची परवानगी घेऊन आल्या. मग गुंताबाईने पाड्याहून आणलेल्या डोंग्याच्या मधोमध मांडी घालून बसल्या, दोन्ही कडा हातांनी गच्च धरल्या. गुंताबाईने वल्हं मारलं. उतार मागे गेला, काठावरची कडुनिंबं लहान झाली, आणि डोंग्याच्या फळीपलीकडे नुसतं गढूळ हिरवं पाणी उरलं. प्रमिलाबाईंनी डोळे मिटले नाहीत. त्या मागे बघत राहिल्या.

तलावाच्या मध्यावरून त्यांना काठावरून कधी न दिसलेलं दिसलं. डोंगे उतारावरून निघून तिरके पाड्याकडे जात. लीलाधरची बोट त्याच उतारावरून निघून धरणाच्या भिंतीकडे चक्कर मारून परत येई. दोन्ही वाटा उताराच्या तोंडाशीच एकमेकींना कापत होत्या. एका दारातून बैलगाडी आणि जीप एकदमच बाहेर काढावी, तसं आजवर चाललं होतं.

"गुंता, बोटनं दार येगळं करनं पडी," त्या म्हणाल्या.

पाड्यावर ठाकऱ्याबाबा हा जुना कारभारी माणूस होता. त्याच्या अंगणात बसून प्रमिलाबाईंनी सगळं समजावून सांगितलं. बोटीला धरणाकडची बाजू, डोंग्यांना पाड्याकडची, मध्ये खूण. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं.

"आनि शहरना लोके उनात, गर्दी व्हयनी, तवय पहिले कोन जाई?" त्याने विचारलं.

"हाटना डोंगा पहिले. मंग बोट."

"हाई तू आज सांगस. त्या दिवशी बी सांगशी का?"

"त्या दिवशी मी सोता उतारवर उभी राहसू, आबा."

ठाकऱ्याबाबाने मान हलवली. मान्य आहे की बघू म्हणतोय, ते कळलं नाही.

परतल्यावर प्रमिलाबाई पुन्हा कचेरीत गेल्या. वारके साहेब माणूस सरळ होता. त्यांनी प्रमिलाबाईंना खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "सरपंचबाई, तुमचं म्हणणं पटतं मला. पण उद्या तलावात कोणी बुडालं तर त्याच्या आईला मी काय सांगू? बंदी घालणं सोपं आहे. माणसं वाचतात."

"पाड्यावरची बाळंतीण नाल्यात अडकली तर तिच्या आईला काय सांगाल साहेब?"

प्रमिलाबाई पुढे म्हणाल्या, "कानबाईचा सोमवार येतो आहे. सगळ्या पंचक्रोशीच्या कानबाया विसर्जनाला आमच्या तलावावर येतात. वर्षात त्याहून मोठी गर्दी नसते. त्या दिवशी तुम्ही या. उतार आम्ही सांभाळतो, डोंगे आणि बोट दोन्ही चालवतो. तुम्हाला वाटेल त्या घडीला तुम्ही शिट्टी वाजवून बंद करा, मी एक शब्द बोलणार नाही. पण दिवस नीट पार पडला, तर उतार गावाच्या हाती द्या."

"सगळ्यात अवघड दिवस निवडलात तुम्ही."

"सोपा दिवस निवडला असता तर तुम्हाला खात्री पटली नसती."

साहेब हसले. "येतो," म्हणाले. "आणि माझ्याकडून एक सांगतो. बोटीच्या, डोंग्याच्या अंगाला बाहेरून पांढरा पट्टा ओढा. पट्टा पाण्याला टेकला की नाव भरली. मग राजा आला तरी चढवायचा नाही."

आता लीलाधरला राजी करायचं होतं. धरणाकडच्या बाजूला नुसते दगड होते, सावली नाही, पायऱ्या नाहीत. "तिकडे कोण येणार अक्का?" तो म्हणाला. "बायामाणसं दगडांवरून उतरतील का? मला गावाबाहेर टाकलंत तुम्ही."

"पायऱ्या बांधून दिल्या तर जाशील?"

"कोण बांधणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमिलाबाई स्वतः घमेलं घेऊन धरणाच्या बाजूला गेल्या. रुपचंद पहार घेऊन मागोमाग आला. उन्हं वर येईपर्यंत निम्मं गाव तिथे होतं, आणि दुपारी डोंगरवाटेने पाड्यावरची माणसं येताना दिसली. पुढे ठाकऱ्याबाबा, मागे गुंताबाई, खांद्यावर कुदळी. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. लीलाधर हे बघत उभा राहिला. मग शर्ट काढून दगडावर ठेवला आणि गुंताबाईने एका टोकाला धरलेल्या दगडाचं दुसरं टोक त्याने उचललं. दोघांनी दगड एकत्र वाहिले.

पायऱ्या झाल्या, वर पळसाच्या पानांचा मांडव झाला. महामार्गावरच्या टायरवाल्यांकडून रुपचंदने ट्रकच्या जुन्या ट्यूबा मागून आणल्या, त्या प्रत्येक नावेत ठेवल्या. रिकामी पिंपं दोरीने दगडांना बांधून तलावात सोडली, डोंग्यांची आणि बोटीची हद्द दिसावी म्हणून. आणि उतारावर एक उंच बांबू उभा केला. पांढरं फडकं वर असेल तर नावा चालू. लाल वर गेलं की जिथे असाल तिथे थांबायचं, वल्हं वर घ्यायचं, काठावरून कोणी पाण्यात उतरायचं नाही, सुटकेला एकटी बोट जाईल. आदल्या रविवारी साहेबांच्या परवानगीने सगळ्यांनी ते करून बघितलं. तेव्हा कोणी थांबलं, कोणी हसत पुढे गेलं. प्रमिलाबाईंनी पुन्हा करायला लावलं, आणि पुन्हा, सगळे थांबेपर्यंत.

कानबाईचा सोमवार उजाडला तो ऊन-पावसाचा. धरण काठोकाठ भरलं होतं, सांडव्यावरून पाणी पडत होतं, त्याचा आवाज गावापर्यंत येई. वाजतगाजत एकेका गावाच्या कानबाया निघाल्या. डोक्यावर चौरंग, चौरंगावर नारळाच्या रूपातली, नथ घातलेली, खणाने सजवलेली कानबाई, पुढे फुगड्या घालणाऱ्या बाया. ट्रॅक्टर आले, बैलगाड्या आल्या, शहरातली माणसं बसमधून उतरली. वारके साहेब आपल्या जीपजवळ शिट्टी हातात धरून उभे होते.

सकाळी सकाळीच शहरातली माणसं उताराकडे आली. त्यांना पहिली फेरी हवी होती. त्याच वेळी पाड्याकडून डोंग्यांची रांग येताना दिसली. प्रमिलाबाई उताराच्या तोंडाशी उभ्या राहिल्या.

"बोटीत बसायचं त्यांनी धरणाकडच्या पायऱ्यांवर जायचं. इथे आधी पाड्याचे डोंगे लागतील."

"आम्ही धुळ्याहून आलोय बाई," एकजण म्हणाला.

"ते पलीकडून आलेत. त्यांना दुसरी वाट नाही. तुम्हाला तिकडे मांडव घातला आहे, सावलीत बसा."

माणूस कुरकुरला, पण गेला. पहिल्या डोंग्यातून ठाकऱ्याबाबा उतरला. त्याने प्रमिलाबाईंकडे बघितलं आणि यावेळी त्याची मान कशासाठी हलली ते स्पष्ट कळलं.

दुपारपर्यंत सगळं घड्याळासारखं चाललं. पांढरा पट्टा पाण्याला टेकला की नाव भरली, मग कोणी हट्ट केला तरी चढवलं नाही. लीलाधरने स्वतःच्या मेव्हण्याला सुद्धा उतरवलं. साहेबांनी शिट्टी खिशात ठेवली.

मग वारा सुटला. डोंगराकडून एकाएकी आला, तलावावर बारीक लाटा उठल्या. उतारावरच्या एका बाईने हात लांब करून दाखवलं. सांडव्याच्या बाजूला पाण्यावर काहीतरी काळं दिसत होतं. धुळ्यातल्या देवपूरच्या कॉलेजातले चार तरुण टेकडीच्या मागून, जिथे कोणाचंच लक्ष नव्हतं तिथून, ट्यूबा बांधून केलेला तराफा घेऊन पाण्यात उतरले होते. वाऱ्याने तराफा आत ओढला होता, आणि आता तो सांडव्याकडे सरकत होता. चौघं हातांनी पाणी मारत होते.

प्रमिलाबाईंनी पांढरं फडकं ओढून खाली घेतलं आणि लाल वर चढवलं.

ढोल बंद झाले. तलावाच्या मधोमध डोंग्यांची रांग होती, बायांनी भरलेली, त्यात गुंताबाईचा डोंगा सगळ्यात पुढे. तिने वल्हं वर घेतलं. तिच्या मागच्याने घेतलं. एकामागून एक सगळी वल्ही वर गेली आणि डोंगे लाटांवर जागच्या जागी डुलत राहिले. काठावरची पाच-सहा तरुण माणसं मदतीला म्हणून डोंगा ढकलत होती. प्रमिलाबाई त्यांच्या पुढ्यात गेल्या.

"कोणी उतरायचं नाही. लीलाधरला रिकामी वाट पाहिजे."

"अक्का, पोरं मरतील."

"तुम्ही आडवे गेलात तर जास्त मरतील. मागे व्हा."

माणसं मागे झाली. साहेब शेजारी येऊन उभे राहिले होते, शिट्टी पुन्हा हातात. "बंद करू या का सगळं?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"बंदच आहे साहेब. बघा."

साहेबांनी बघितलं. एवढी जत्रा लोटलेली, आणि पाण्यावर काही म्हणजे काही हलत नव्हतं, एका बोटीशिवाय.

लीलाधरने पायऱ्यांशी माणसं उतरवली होती. तो बोट फिरवत असताना पायऱ्या सांभाळणारा रुपचंद दोराचं भेंडोळं आणि ट्यूब घेऊन तिच्यात उतरला. प्रमिलाबाईंना ते उतारावरून दिसलं. त्यांनी बांबूला दोन्ही हातांनी धरलं आणि तिथून हलल्या नाहीत.

बोट मोकळ्या पाण्यावरून सरळ गेली. वळणं नाहीत, थांबणं नाही. सांडव्याच्या अलीकडे पाणवेली होत्या, तिथे पंख्यात वेल अडकली आणि इंजिन गुरगुरून बंद पडलं. आता तराफा आणि बोट दोन्ही ओढीला लागली. लीलाधर मागे वाकला, हाताने वेल उपसू लागला. रुपचंद बोटीत उभा राहिला, दोराला बांधलेली ट्यूब डोक्यावर फिरवून फेकली. ती कमी पडली. त्याने ओढून घेतली, पुन्हा फेकली. यावेळी तराफ्यावरच्या एकाने ती पकडली.

इंजिनाचा आवाज पुन्हा उतारावर ऐकू आला तेव्हा सगळे दोराकडे बघत होते. दोर ताठ झाला. तराफा क्षणभर आहे तिथेच राहिला, जणू दोन्हीकडून कोणी ओढतंय. मग हळूहळू बोटीमागे फिरला आणि धरणाच्या पायऱ्यांकडे येऊ लागला.

चौघं तरुण पायऱ्यांवर चढले. बायांनी त्यांच्या अंगावर घोंगड्या टाकल्या. रुपचंद वळसा घालून उताराला आला, कपडे ओलेचिंब, तळहात दोराने सोललेले. प्रमिलाबाईंनी ते हात बघितले आणि पदराने पुसले. तो म्हणाला, "अगं, त्या डोंगा पानीवर थांबेल शेतस अजून. फडकं बदल."

त्यांनी लाल खाली घेतलं, पांढरं वर गेलं. तलावाच्या मधोमध गुंताबाईचं वल्हं पाण्यात पडलं, आणि सगळी रांग एकदम पुढे सरकली. काठावर पहिला ढोल वाजला, मग दुसरा, मग सगळे.

"टेकडीमागे माणूस नव्हता तुमचा," वारके साहेब म्हणाले.

"नव्हता. पुढच्या रविवारी असेल."

"ते चौघे आज बंदी असती तरी उतरले असते," साहेब म्हणाले, जसे स्वतःलाच सांगत होते. "आणि इथे बोट नसती. दोर नसता. कोणी थांबलं नसतं." त्यांनी साखळीची किल्ली काढून प्रमिलाबाईंच्या हातात ठेवली. "उतार तुमचा. कागद मी पाठवतो. आणि सांडव्याच्या अलीकडे पिंपांची आणखी एक रांग घाला, तार माझ्याकडून."

ही बातमी उतारावरून पायऱ्यांपर्यंत माणसामाणसांतून गेली. लीलाधर धावत आला. गुंताबाई डोंगा लावून वर येत होती, तिच्यासमोर तो थांबला.

"तुमी थांबनात म्हनीसन मी पोचनू," तो तिला म्हणाला.

"तू गया म्हनीसन आमी थांबनूत," ती म्हणाली. आणि मग, त्या दिवशी पहिल्यांदाच, हसली.

कानबाया पाण्याशी आल्या. आरत्या झाल्या, गूळ-खोबरं वाटलं. साहेबांच्या टोपीत गुलाल पडला, त्यांनी तो झटकला नाही. ठाकऱ्याबाबाने पाड्याच्या ढोलवाल्यांना हाताने खूण केली आणि त्यांनी आपला ताल धरला, निमदरच्या ताशेवाल्यांनी तो ऐकून आपला ताल त्याला जुळवला. बायांचं रिंगण झालं. कोणीतरी प्रमिलाबाईंना आत ढकललं. त्यांनी नको नको म्हटलं, पण समोर गुंताबाई आधीच हात पुढे करून उभी होती.

प्रमिलाबाईंनी पदर खोचला. चार हात एकमेकांत अडकले, पाय जवळ आले, अंगं मागे झुकली. फुगडी आधी संथ फिरली, मग वेगात, आणि भोवतीच्या बाया टाळ्यांनी वेग वाढवत गेल्या. कडुनिंबं, डोंगर, भरलेला तलाव सगळं गरगरत एक झालं. मालकीण कोण आणि पाहुणी कोण, ते त्या फिरण्यात कोणालाच सांगता आलं नसतं, आणि दोघींपैकी एकीलाही थांबायचं नव्हतं.